शिवरामदादाचा कोमूने

शिवराम गायकर माझ्या खिडकीशी आला की मी आधी घड्याळ बघते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसून मला एकवीस वर्षं झाली. कोण किती वेळ खाणार, हे मला आता चेहऱ्यावरून कळतं. शिवरामदादा पाऊण तास खातो. काम दोन मिनिटांचं असतं. कुणाच्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला, कुणाच्या नावातली वेलांटी. गावातल्या निम्म्या लोकांची कामं तो आपणहून अंगावर घेतो, त्यामुळे दर आठवड्याला एक फेरी ठरलेली. रांगेत तो कधीच उभा राहत नाही. बाजूच्या दाराने आत येतो, माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला टेकतो, आणि रांगेतला कुणी कुरकुरला तर म्हणतो, "गाववाली हाय माझी."

काम झालं तरी तो हलत नाही. दाखल्यावरच्या महापालिकेच्या शिक्क्यावर बोट ठेवून विचारतो, "मेघना, इटलीत याला काय म्हणतात ठावं हाय?"

मला ठाऊक असतं. माझ्या मागच्या टेबलावरच्या दोघींना ठाऊक असतं. चहा घेऊन येणाऱ्या अण्णालाही ठाऊक आहे. कोमूने. तो शब्द ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.

आम्ही एकाच गावचे. आंबेखार, मानपाड्याच्या पलीकडे. गाव म्हणायला आता जीभ रेटत नाही, कारण जिथे भाताची खाचरं होती तिथे बावीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत गावाचं नावही नसतं. दादा खालच्या आळीतला, आगरी. मी बौद्धवाडीतली. तो माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दहावीत गणितात गेला, मग एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. मशीन बंद पडली की इतर लोक ती उघडून बघायचे. हा आधी कान लावायचा आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. त्या कानामुळेच तो इटलीला गेला.

एक्क्याण्णव साली कंपनीने इटलीहून एक भलीमोठी मशीन मागवली. जोडायला आलेल्या तिथल्या इंजिनीअरने सांगितलं की चालवायची तर हा माणूस आमच्याकडे चार महिने पाठवा. साहेबांनी दोन पदवीधरांची नावं पुढे केली, इंजिनीअर ऐकेना. असा शिवरामदादा तिकडच्या डोंगरातल्या मोंतेवेर्नो नावाच्या गावात जाऊन पोचला. आंबेखारहून विमानात बसलेला तो पहिला माणूस. गुलाल उधळून त्याला निरोप दिला होता, मी शाळेच्या गणवेशात बघायला गेले होते.

पुढचं सगळं त्याच्याच तोंडचं, आणि किमान शंभर वेळा ऐकलेलं. गावात परदेशी माणूस राहायला आला की तिथल्या कचेरीत कळवावं लागतं. घरमालकीण त्याला घेऊन गेली. दोन खोल्यांची कचेरी, बाहेर झेंडा, दारावर पाटी: कोमूने दी मोंतेवेर्नो. आत ओर्नेला नावाची कारकून बाई. दादा माझ्याकडे बघून हे नेहमी मुद्दाम सांगतो, "तुझ्यासारखीच, पण हसायची." गावाची वस्ती तीनशे ऐंशी. त्या वर्षी जन्म झालेले तीन. एका खोलीत सव्वाशे वर्षांची जन्माची रजिस्टरं ओळीने लावलेली. गावाचा प्रमुख सकाळी पाव भाजायचा आणि दुपारी तिरंगी पट्टा गळ्यात घालून लग्नं लावायचा.

मग एका रविवारी कंपनीवाल्यांनी त्याला मिलानला नेलं. तिथे एका दांडग्या इमारतीवर त्याला तोच शब्द दिसला. कोमूने दी मिलानो. त्याला वाटलं पाटी चुकली. सोमवारी त्याने ओर्नेलाला विचारलं. ती म्हणाली चुकलेली नाही. आमच्याकडे ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशा पायऱ्या नाहीत. शंभर माणसांचं गाव असो की रोम, सगळ्यांना एकच नाव, आणि पाववाल्याला आणि रोमच्या प्रमुखाला पदाचं नावही एकच.

हे दादाच्या मनात खोल रुतलं. का रुतलं ते मला समजतं, कारण आमच्या गावाची तेव्हा काय अवस्था होती ते मी भोगलंय. मी तिसरीत असताना गाव महापालिकेत गेलं. ग्रामपंचायतीची पाटी काढून नेली, पण नळ आला नाही. जुन्या सरपंचाकडे काही सांगायला गेलो तर म्हणत शहरात जा, शहरात गेलो तर विचारत की तुमचं गाव नक्की कुठल्या वॉर्डात येतं. आम्ही ना गावातले ना शहरातले. तशा गावातून गेलेल्या माणसाने तीनशे ऐंशी लोकांच्या वस्तीची स्वतःची कचेरी पाहिली.

त्याने ओर्नेलाला शब्दाचा अर्थ विचारला. तिने कपाटातून जाड शब्दकोश काढला. शब्द लॅटिनमधून आलेला. कोम्युनिस म्हणजे सगळ्यांचं मिळून असलेलं, आणि म्हणून सर्वसामान्य, साधंसुधं असाही त्याचा अर्थ होतो. आठ-नऊशे वर्षांपूर्वी तिथल्या शहरांतले लोक एकत्र आले, आपला कारभार आपण करू अशी त्यांनी शपथ घेतली. शपथ घेतलेल्या त्या मंडळींनाच कोमूने म्हणू लागले. नंतर त्यांच्या सत्तेला, मग गावाला, मग गावच्या कचेरीलाही तेच नाव पडलं. लोक आजही म्हणतात, जरा कोमूनेत जाऊन येतो. ओर्नेलाने हे एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहून दिलं. दादाने परत आल्यावर चिठ्ठी लॅमिनेट केली. ती अजून त्याच्या शर्टाच्या खिशात असते.

त्याच्या लेखी अर्थ एकच, आपलं सगळ्यांचं. चिठ्ठीवर आणखी दोन ओळी होत्या, पण त्या तो कधी वाचून दाखवत नसे. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

परत आल्यावर तो गाव पालिकेतून बाहेर काढण्याच्या समितीत शिरला. सभेत इतर लोक पाणी आणि घरपट्टीवर बोलत, हा कोमूनेवर. लोक कंटाळायचे. पण मोर्चाला तोच पुढे असायचा, निवेदनं तोच टाइप करून घ्यायचा, हे खोटं म्हणता येणार नाही. दहा-अकरा वर्षांनी गाव खरंच बाहेर आलं. ग्रामपंचायत पुन्हा सुरू झाली. आणि त्याच आठवड्यात, लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर, त्याला मुलगी झाली. रुचिता.

नव्या पंचायतीच्या पहिल्या दिवशी जन्माचं कोरं रजिस्टर उघडलं गेलं. नोंद क्रमांक एक, रुचिता शिवराम गायकर, जन्मस्थान राहते घर, मौजे आंबेखार. ही गोष्ट त्याने एवढ्यांदा सांगितली की गावातली पोरंसुद्धा तिला एक नंबर म्हणून चिडवायची. आमच्या कोमूनेची पहिली लेक, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा आवाज बदलायचा. मला त्याचा राग यायचा, पण आवाज बदलला की मी गप्प बसायची.

ती शाळेत असतानाच गाव पुन्हा पालिकेत गेलं. पंचायतीची रजिस्टरं गोणपाटात बांधून आमच्या ऑफिसात आली. त्यातलं जन्माचं रजिस्टर मीच पुसून कपाटात लावलं. दादा त्या दिवशी येऊन बसला होता. पहिलं पान उघडून बघितलं, माझ्याकडे दिलं, आणि म्हणाला की सांभाळ. गाव गेल्याचं दुःख त्याला झालंच, पण पहिलं पान होतं तोवर त्याच्या लेखी आंबेखार शिल्लक होतं.

या वर्षीची गोष्ट आता सांगते. रुचिताने कापडाच्या तंत्रशास्त्रात पदवी घेतली आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी इटलीतच प्रवेश मिळाला. बापाच्या मशीनचा नाद लेकीला लागला होता. दोन वर्षं इटालियन शिकली. व्हिसासाठी जन्मदाखला हवा होता आणि पंचायतीचा हाताने लिहिलेला चालत नाही, संगणकावरचा लागतो. कागद द्यायला तीन आठवडे होते. दादा नेहमीप्रमाणे बाजूच्या दाराने आला, आज मात्र कोमूनेचं नाव काढायच्या आधी पेढे काढले.

मी रजिस्टरावरून नोंद संगणकावर चढवायला घेतली, आणि संगणकाने ती नाकारली. आईचं नाव तेच, बापाचं तेच, तारीख तीच, आणि अशी एक नोंद आधीपासून होती. शहरातल्या एका नर्सिंग होमने बावीस वर्षांपूर्वी रीतसर कळवलेली. स्त्री, नाव दिलेलं नाही, आई गंगुबाई शिवराम गायकर.

एका जन्माच्या दोन नोंदी असू शकत नाहीत. खरी कुठली ते ठरेपर्यंत दोन्ही अडकतात. मी दादाकडे बघितलं. तो पेढ्याच्या पुड्याची दोरी बांधत होता.

"दादा, रुचिता झाली कुठे?"

"रजिस्टरात लिवलंय की," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघायचं टाळून निघून गेला. पाऊण तास बसणारा माणूस पाच मिनिटांत गेला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो घरात नव्हता. गंगुबाईवहिनी ओट्यावर बोंबील निवडत होत्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी हातही थांबवला नाही. "सिझर झालं माझं. सिझर काय घरान करतान?" मग त्यांनी बाकीचं सांगितलं. बाळंतपण अडलं म्हणून रात्री शहरात न्यावं लागलं होतं. दोन दिवसांनी पंचायत सुरू झाली. जन्म जिथे झाला तिथेच नोंदवायचा असतो, म्हणजे शहरात, म्हणजे ज्या पालिकेतून बाहेर पडायला हा दहा वर्षं भांडला तिच्याच दप्तरात. ते त्याला सोसेना. मुलगी आपल्या गावच्या रजिस्टरात, तीही पहिली, लागली पाहिजे. ग्रामसेवकाला त्याने घरी जन्मली असं सांगितलं, आणि ग्रामसेवकाने मोर्चातल्या पुढाऱ्याला नाही म्हटलं नाही. वहिनी तेव्हा टाके घेऊन हॉस्पिटलात पडून होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

माझं डोकं भणभणलं. वीस वर्षं हा माणूस माझ्या टेबलाला टेकून रजिस्टराचं पावित्र्य सांगत होता. सव्वाशे वर्षांची ओळीने लावलेली रजिस्टरं, एक अक्षर खोटं नाही, असं सांगत होता. आणि स्वतःच्या गावच्या रजिस्टराची पहिलीच ओळ याने खोटी लिहवून घेतली होती.

उपाय तसा सोपा होता. पंचायतीची नोंद चुकीची झाली असं बापाने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, ती रद्द करायची, आणि नर्सिंग होमच्या नोंदीत मुलीचं नाव चढवायचं. आठवड्याभराचं काम. मी हे दादाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की दुसरी रद्द कर ना.

मी म्हटलं दुसरी खरी आहे. तो म्हणाला खरी असेल, पण ती बिननावाची आहे. पुढचे नऊ दिवस त्याने मला छळलं. माझ्याकडून होत नाही म्हटल्यावर साहेबांकडे गेला. साहेबांनी माझ्याकडे पाठवलं. मग ठाण्याला कुणा ओळखीच्या अधिकाऱ्याकडे गेला, तिथून नियमाची झेरॉक्स घेऊन आला, आणि ती मी त्याला आधीच वाचून दाखवली होती. मग नर्सिंग होम शोधत गेला. ते बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं, तेव्हा याला वाटलं की जागाच नाही तर नोंद कशी राहील. हे त्याने मला गंभीरपणे विचारलं. रांगेत बावीस माणसं होती. मी त्याच्यावर ओरडले. ऑफिसात मी कधी ओरडत नाही.

इकडे रुचिताचे दिवस संपत होते. ती बापाला काही बोलत नव्हती, नुसती रोज माझ्याकडे येऊन काय झालं विचारायची, आणि मी काही झालं नाही म्हटलं की बरं म्हणून जायची. तिचं ते बरं मला सहन होईना. दहाव्या दिवशी मी तिला घेऊन थेट त्यांच्या घरी गेले.

दादा झोपाळ्यावर बसला होता. मला बघताच त्याने खिशातली चिठ्ठी काढली. मी विचार केला, आता परत कोमूने. तो सुरूही झाला, आपलं सगळ्यांचं असतं त्याची पहिली नोंद मोडायची कशी, वगैरे. रुचिताने त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि खालच्या दोन ओळी वाचल्या. मग मला मराठीत सांगितल्या.

कोम्युनिस या शब्दाचे दोन तुकडे आहेत. कोम म्हणजे मिळून. मूनूस म्हणजे वाट्याला आलेलं काम, कर्तव्य, ओझं. जे मिळून ओझं उचलतात ते. आपल्याकडे जुनी माणसं मुन्शिपालटी म्हणतात, त्यातही तोच मूनूस आहे, ती म्हणाली. ज्याने अंगावर काम घेतलं तो.

"बाबा, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

दादा म्हणाला होतं. ओर्नेलाने तेव्हाच सांगितलं होतं. पण सभेत ओझं म्हटलं की लोक उठून जातात, म्हणून तो तेवढं गाळायचा. मग गाळायची सवयच झाली.

झोपाळा थांबला होता. वहिनी आतून म्हणाल्या, "पोरीला जाऊ दे आता." दादाने चिठ्ठी खिशात ठेवली आणि मला विचारलं की कागद कुठे करायचा. मला त्याची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला दहा दिवस फुकट गेल्याचा राग आला होता.

पण एक अडचण राहिली. नोंद करणारा ग्रामसेवक वारला होता, म्हणून साहेबांनी दोन साक्षीदार मागितले, घरातले नकोत, त्या दिवशी पंचायतीत हजर असलेले हवेत. पंचायतीचा जुना शिपाई काळुराम एका पायावर तयार झाला. दुसरा कोण, असं विचारल्यावर तोच म्हणाला, "राजरत्न होता ना. सकाळपासून बसला होता."

राजरत्न माझा मोठा भाऊ. मी घरी येऊन कपाटातलं ते पान डोळ्यासमोर आणलं. नोंद क्रमांक दोन, सम्यक राजरत्न, जन्मस्थान राहते घर. माझा भाचा. तो रुचिताच्याच आठवड्यातला, हे मला माहीत होतं. वाडीतल्या सुईणीच्या हातचा तो शेवटचा जन्म, आणि तो खरोखर घरात झाला होता. क्रमांक दोन का, हे मी कधी विचारलं नव्हतं. एकवीस वर्षं लोकांच्या नोंदी बघते, आणि स्वतःच्या घरातली बघितली नाही.

राजरत्न आता टिटवाळ्याला राहतो, नव्या बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर. रविवारी मी दादाला घेऊन गेले. वाटेत तो कोमूनेबद्दल एक शब्द बोलला नाही. मला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, याचंही मला नवल वाटलं.

माझ्या वहिनीने, वैशालीने, दार उघडलं. राजरत्न गॅलरीत झाडांना पाणी घालत होता. आमच्याकडे बघून मान हलवली आणि सगळ्या कुंड्यांना पाणी घालून झाल्यावरच आत आला. दादाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मुलगी कुठे झाली, ग्रामसेवकाला काय सांगितलं, आता काय हवंय. राजरत्न खाली बघत ऐकत होता. चहा आला, कुणी उचलला नाही.

"मी नऊ वाजता आलेलो," राजरत्न म्हणाला. "रजिस्टर उघडून ठेवलेलं. ग्रामसेवक बोलला, थांब, पहिलं नाव शिवरामशेठच्या पोरीचं लागायचंय. दीड वाजता तू आलास."

राजरत्नने मान वर करून दादाकडे बघितलं.

"गुलाल लावून आलेलास. मलापण लावलास."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. वैशालीलाही, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. साडेचार तास तो बाहेर पायरीवर बसून राहिला होता, कामावरचा खाडा करून, आणि घरी येऊन त्याने फक्त नोंद झाली एवढंच सांगितलं होतं. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. दादाच्या कानाखाली द्यावी असं मात्र वाटलं, आणि मी साठी उलटलेल्या माणसाबद्दल हे लिहिते आहे.

"मला काय ठावं, तो कुणाला बसवून ठेवल," दादा म्हणाला. मग त्याने स्वतःच ते दुरुस्त केलं. "ठावं होतं. तू पायरीवर दिसलेलास मना."

राजरत्नने प्रतिज्ञापत्राचा मसुदा पुढे ओढला, चष्मा लावून सगळा वाचला. "सही देतो," तो म्हणाला. "पोरीचं काय चुकलं नाय. पण यात लिव, की मी आधी आलेलो."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी एकवीस वर्षं कारकून आहे. माझ्या तोंडून आपोआप निघालं की प्रतिज्ञापत्रात त्याची गरज नाही, नोंदीचा क्रमांक काही बदलत नसतो, रद्द झाली तरी पहिली ती पहिली आणि दुसरी ती दुसरीच राहते. मूळ लिहिलेलं आम्ही खोडतही नाही, समासात शेरा मारतो. नियम आहे तसा. बोलून झाल्यावर मला माझीच शरम वाटली. माझ्या सख्ख्या भावाने बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि मी त्याला खिडकीवरचं उत्तर दिलं होतं.

राजरत्न माझ्याकडे बघून नुसता हसला. "माहीत हाय मेघना. क्रमांक नको. लिवलेलं असूदे."

दादाने माझ्या पर्समधून दिसणारं पेन ओढून घेतलं. मसुद्याच्या तळाशी, माझ्या टाइप केलेल्या ओळींखाली, फिटरच्या त्या ठळक अक्षरात त्याने स्वतः लिहिलं. मध्ये एकदा थांबून त्याने राजरत्नला वडिलांचं नाव विचारलं. एवढ्या वर्षांत ते त्याला माहीत नव्हतं. वडिलांचं नाव घालून ओळ पूर्ण केली आणि वाचून दाखवली. राजरत्नने सही केली. मग चहा घेतला, गार झाला होता.

बुधवारी शिक्का मारलेलं प्रतिज्ञापत्र माझ्या टेबलावर आलं. साहेबांनी वाचलं आणि शेवटच्या ओळीवर पेन टेकवून म्हणाले की याचा नोंदीशी संबंध काय. खाली लिहिलं होतं: त्या दिवशी राजरत्न हरिश्चंद्र साळवे हे आपल्या मुलाची नोंद करण्यासाठी माझ्या आधी आले होते व त्यांना माझ्यामुळे थांबावे लागले. मी म्हटलं, संबंध आहे साहेब. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, पुढे विचारलं नाही. सही केली.

मी कपाटातून रजिस्टर काढलं. पहिल्या पानाच्या समासात लाल शाईने शेरा लिहिला, नोंद क्रमांक एक रद्द, तारीख, आदेश. खाली क्रमांक दोन तसाच होता. मग नर्सिंग होमच्या नोंदीत रुचिताचं नाव चढवलं, दाखला छापायला टाकला आणि दादाला फोन केला की घेऊन जा. व्हिसाचे कागद द्यायला चार दिवस उरले होते.

अर्ध्या तासात तो आला. मी बाजूच्या दाराकडे बघत होते, तिथे नव्हता. काचेतून बघितलं तर रांगेच्या शेवटी उभा होता, हातात पिशवी घेऊन. दाखला माझ्या समोर तयार पडला होता. मी हाताने खूण केली की आत ये. त्याने मान हलवली.

"येतो नंबरनं," तो तिथूनच म्हणाला.

त्याच्या आधी अकरा माणसं होती. मी एकेकाचं काम करत गेले.